‘कळवतो’ म्हटलं आणि तेवीस दिवस गेले

हे प्रकरण सोलापुरातल्या एका टॉवेल कारखान्यातलं आहे. अक्कलकोट रोड एमआयडीसीत आमचं युनिट आहे. टेरी टॉवेल विणायचे, शिवायचे आणि परदेशी पाठवायचे. मी तिथे एचआर बघते. माणसं ओळखू येऊ नयेत म्हणून गावं आणि तारखा थोड्या इकडच्या तिकडे केल्या आहेत. भरती करणाऱ्या दुसऱ्या कुणाला उपयोग होईल म्हणून लिहिते आहे. आणि खरं सांगायचं तर, यात मी फारशी बरी दिसत नाही.

पार्श्वभूमी

जागा एकच होती, एक्सपोर्ट डॉक्युमेंटेशनची. इन्व्हॉइस, पॅकिंग लिस्ट, शिपिंग बिलाचा तपशील, बँकेची कागदपत्रं. माल न्हावाशेवा बंदराच्या गेटवर उभा आणि पॅकिंग लिस्टमध्ये कार्टनचा आकडा चुकलेला, अशी वेळ आली की या खुर्चीवरचा माणूस काय लायकीचा आहे ते कळतं. आधीची मुलगी लग्न होऊन हैदराबादला गेली आणि खुर्ची रिकामी झाली. ही गोष्ट पुढे कामाला येणार आहे, म्हणून आत्ताच सांगून ठेवते.

स्थानिक पेपरात छोटी जाहिरात दिली, व्हॉट्सअॅपवर फिरवली. ८६ अर्ज आले. सोलापुरात बीकॉम, एमकॉम झालेल्या मुलामुलींना घरी राहून करता येईल अशी ऑफिसची नोकरी सहज मिळत नाही. एक तर पुणे, नाहीतर कुठल्यातरी दुकानात बिलिंग. त्यामुळे अशी जागा निघाली की घरातली चार माणसं त्या एका अर्जाला लटकलेली असतात.

८६ मधून १९ जणांना परीक्षेला बोलावलं. परीक्षा आमचीच, एका पानाची. त्यात एक मुद्दाम पेरलेली चूक होती. ७० बाय १४० सेंटीमीटरचा टॉवेल, ४५० जीएसएम (म्हणजे एका चौरस मीटर कापडाचं वजन ४५० ग्रॅम), कार्टनमध्ये २४ नग, आणि निव्वळ वजन लिहिलं होतं १२.६ किलो. हिशेब केला तर एक टॉवेल ४४१ ग्रॅमचा आणि कार्टन साडेदहा किलोच्या थोडं वर. १९ पैकी तिघांनी चूक पकडली. त्यातल्या एका मुलीने नुसती पकडली नाही, समासात पेन्सिलीने लिहिलं, ‘वजन बरोबर असेल तर जीएसएम तपासावे.’ म्हणजे चूक दोन्हीकडे असू शकते हे तिच्या डोक्यात आलं. आमच्या डिस्पॅचच्या माणसाने तो कागद दोनदा वाचला आणि म्हणाला, ‘ही चालेल ओ मॅडम.’

दुसऱ्या फेरीला पाच जण आले. समोर आम्ही तिघे: उत्पादन व्यवस्थापक, अकाउंट्सचे प्रमुख आणि मी. ९ डिसेंबरला मुलाखती संपल्या. पहिला आला तो बार्शीचा मुलगा, पुण्यात नोकरी करणारा, आईवडिलांसाठी परत यायचं म्हणणारा. दुसरी आली ती पेन्सिलवाली. शहराच्या पूर्व भागातली, घरात तेलुगू, वडील यंत्रमागावर होते, आता गुडघ्यामुळे घरी; आई बिड्या वळते. १२ तारखेला पहिल्याला ऑफर लेटर गेलं. त्याला नोटीस पिरियड होता, हजर व्हायची तारीख ठरली १५ जानेवारी.

बाकी चौघांना आणि परीक्षेच्या चौदा जणांना आम्ही काय सांगितलं? मुलाखतीतून उठताना जे सगळ्यांना सांगतात तेच: ‘कळवतो.’

अडचण

सोलापुरात ‘कळवतो’चा अर्थ बहुतेकांना माहीत असतो. मुलगी बघून परतताना मुलाकडचे ‘कळवतो’ म्हणतात ना, तसाच. पण बहुतेक वेळा तो नकार असतो, नेहमी नाही. त्या ‘नेहमी नाही’वर माणूस दिवस काढतो.

१ जानेवारीला सकाळी वॉचमनचा फोन आला. गेटवर एक जण दहा वाजल्यापासून बसलेत, नाव सांगत नाहीत, ‘मॅडमलाच भेटायचंय’ म्हणतात. मी साडेअकराला खाली गेले. पांढरा शर्ट, इस्त्रीचा, कॉलर झिजलेली. मांडीवर कापडाची पिशवी आणि तिच्यात प्लास्टिकची फाइल. मला वाटलं, आता वशिल्याची गोष्ट निघणार. मी मनात उत्तरही तयार केलं.

ते म्हणाले, ‘घ्या म्हणून सांगायला नाही आलो ओ मॅडम. पुण्याची एक कंपनी बोलावलीय पोरगीला. दोनदा थांबवली ती त्यांना. परवा शेवटचं म्हणालेत. तुमचा फोन येईल म्हणून पोरगी मोबाईल उशाला घेऊन झोपतीय. काय तर एक सांगा.’

मी काहीतरी पुटपुटले, प्रोसेस चालू आहे वगैरे.

‘हिची आई बिडी देते कारखान्यात,’ ते म्हणाले. ‘छाट काढली तरी तोंडावर काढतात की ओ. किती काढली ते पण सांगतात.’

छाट म्हणजे तपासणीत बाद झालेली बिडी. याला उत्तर नव्हतं. मी त्यांना संध्याकाळपर्यंत फोन करते म्हणाले. तेही एक ‘कळवतो’च होतं. त्यांनी मान हलवली आणि विचारलं, ‘किती वाजता?’ मी सहा सांगितले.

इथे एक जुनी गोष्ट सांगायला हवी, कारण ही काही आमची पहिली वेळ नव्हती. दोन वर्षांपूर्वी चेकिंग विभागाच्या भरतीत आम्ही नकाराचा मेल पाठवला होता, कुठूनतरी उचललेला, गुळगुळीत इंग्रजीतला. पहिलं वाक्य आभाराचं, दुसरं कौतुकाचं आणि नकार तिसऱ्या वाक्यात, तोही वळसा घालून. बारावी झालेला एक मुलगा तो मेल मोबाईलवर दाखवत सोमवारी सकाळी आठला जेवणाचा डबा घेऊन कामावर हजर झाला. त्याला वाटलं, निवड झाली. तेव्हा आम्ही ऑफिसात हसलो होतो. मीही. नंतर मेल बंद केला, आणि त्याच्या जागी काही ठेवलंच नाही. चुकीचं सांगण्यापेक्षा गप्प बसणं सोपं पडलं.

समोरचे पर्याय

दुपारी उत्पादन व्यवस्थापकांच्या केबिनमध्ये बसलो. त्यांचं म्हणणं सरळ होतं आणि अगदीच खोटं नव्हतं. ‘मॅडम, पंधरा तारखेला तो आला नाही तर? हिला आत्ता नाही म्हणून बसलो तर हातचं जाईल. पंधरा दिवसांनी काय बिघडतंय?’

भरती करणारा प्रत्येक जण हे करतो. दुसऱ्या क्रमांकाच्या माणसाला झुलवत ठेवायचं, त्याला न सांगता. त्याचा खर्च आपल्या कुठल्याच रजिस्टरमध्ये चढत नाही. तो चढतो त्या घरात.

दुसरा मार्ग म्हणजे सरळ ‘निवड झाली नाही’ म्हणून मोकळं व्हायचं. ती सुटेल, पुण्याचं ठरवेल. पण ते पूर्ण खरं नव्हतं. पंधराला पहिला आला नाही तर आम्ही तिलाच फोन करणार होतो, आणि मग ती विचारणार, तेव्हा नाही म्हणालात ना?

अकाउंट्सच्या प्रमुखांनी तिसरा मार्ग सुचवला, दोघांनाही घेऊ. शेठना विचारलं. शेठ म्हणाले, यार्नचे भाव बघा आणि मग दुसऱ्या माणसाचं बोला. तो विषय पाच मिनिटांत संपला.

उरलं ते सगळं सांगून टाकणं: तुम्ही दुसऱ्या आहात, अमुक तारखेला पहिला हजर होणार आहे, तो आला तर जागा नाही, आमच्यासाठी थांबू नका. व्यवस्थापक म्हणाले, ‘असं सांगितलं की ती गेलीच समजा.’ बरोबर होतं. मी म्हटलं, ‘जाऊ दे.’ हे बोलायला सोपं होतं, कारण डॉक्युमेंटेशनचं काम त्या महिन्यात मी करत नव्हते, तेच करत होते.

एक अडकलेला निर्णय

फोन करायचा तर ‘का नाही’ याचं उत्तर लागणार होतं. ते विचारणारच. म्हणून मी गुणांचा तक्ता काढला. मुलाखत झाल्यापासून तो कुणी उघडून पाहिला नव्हता.

पाच रकाने, प्रत्येकी दहा गुण: परीक्षा, इंग्रजी लेखन, संगणक, बोलणं, स्थिरता. पहिल्याचे ७, ८, ७, ७, ९. एकूण ३८. दुसरीचे ९, ७, ८, ७, ४. एकूण ३५.

स्थिरतेला ९ आणि ४. हे कुठून आलं ते मला आठवलं. मुलाखतीत तिला विचारलं होतं, ‘लग्नाचं काय? आमची मागची मुलगी लग्न करून गेली, आम्हाला परत तोच ताप नको.’ हसत विचारलं होतं. मी शेजारीच बसले होते आणि मीही हसले होते. ती म्हणाली, ‘अजून काही ठरलं नाही सर.’ बार्शीच्या मुलाला लग्नाचं कुणी विचारलं नाही. तो आईवडिलांसाठी परत येतोय म्हटल्यावर सगळ्यांनी कौतुकाने माना हलवल्या. स्थिर मुलगा.

तो रकाना काढला तर तिचे ३१ आणि त्याचे २९.

तक्त्याखाली तीन सह्या होत्या, एक माझी. भरतीत बाई म्हणून डावं-उजवं करायला १९७६च्या समान वेतन कायद्यापासून मनाई आहे. तीच तरतूद पुढे २०१९च्या वेतन संहितेत आली. हे मला शिकवलेलं आहे, मी परीक्षेत लिहिलेलं आहे. पण आमच्या तक्त्यात ‘लग्न’ असा रकाना नव्हता, ‘स्थिरता’ असा होता, आणि मला तो नवा कर्मचारी टिकेल का याचा प्रामाणिक प्रश्न वाटत होता. कारण शोधायला बसले नसते तर तो तसाच वाटत राहिला असता.

आता काय? पहिल्याची ऑफर मागे घ्यायची? त्याने पुण्यात राजीनामा दिला होता. त्याची काही चूक नव्हती. एका अन्यायाची भरपाई म्हणून दुसऱ्याला रस्त्यावर आणायचं, हे मला पटलं नाही आणि शेठना तर विचारण्यात अर्थच नव्हता. ऑफर तशीच ठेवली. हा निर्णय आजही मला बरोबर वाटतो.

दुसरा निर्णय तितका स्वच्छ नाही. तिला काय सांगायचं? मी व्यवस्थापकांना तक्ता दाखवला. ते बराच वेळ बघत होते. मग म्हणाले, ‘हे सांगू नका मॅडम. लेखी तर अजिबात नको.’ मी लेखी दिलं नाही.

काय केलं

सहाला पाच मिनिटं असताना फोन केला. पहिल्या रिंगला उचलला. शेजारी कुणीतरी टीव्ही बंद केला ते ऐकू आलं. मी आधी नकार सांगितला, मग बाकीचं. क्रम मुद्दाम तसा ठेवला. कौतुकाने सुरुवात केली की समोरच्याला आशा वाटते आणि मग ती काढून घेण्यात आणखी दोन मिनिटं जातात.

‘या जागेवर दुसऱ्या उमेदवाराची निवड झाली आहे. ते पंधरा जानेवारीला हजर होणार आहेत. तुम्ही दुसऱ्या क्रमांकावर आहात. ते आले नाहीत तर मी तुम्हाला फोन करीन, पण त्यासाठी थांबू नका. पुण्याची नोकरी हातात आहे, ती सोडू नका.’

थोडा वेळ काहीच नाही. मग, ‘माझं काय कमी पडलं मॅडम?’

मी म्हटलं, ‘परीक्षेत तुमचे गुण सगळ्यांत जास्त होते. कामात काही कमी पडलं नाही. एकूण गुणांत तीनचा फरक पडला.’ हे खरं होतं आणि अर्धवट होतं. ती म्हणाली, ‘बरं मॅडम. कळवलंत ते बरं झालं.’ मागून वडिलांचा तेलुगूत प्रश्न आला आणि तिने फोन ठेवला.

त्या रात्री बाकीच्यांची यादी काढली. दुसऱ्या फेरीतले उरलेले तिघे, परीक्षेतले चौदा, आणि ज्यांना बोलावलंच नव्हतं असे ६७. तिघांना मी फोन करणार, चौदांना नावानिशी संदेश, आणि ६७ जणांना एक सारखा संदेश, असं ठरलं. माझा सहायक पूर्व भागातलाच, वयाने लहान, कामाला चपळ. फार चपळ. दुसऱ्या दिवशी सकाळी मी यायच्या आत त्याने ६७ जणांचा व्हॉट्सअॅप ग्रुप करून टाकला. प्रत्येकाचा नंबर प्रत्येकाला दिसायला लागला. दहा मिनिटांत तिथे ‘भावा तुझं झालं का’ सुरू. आणि त्यात एक उमेदवार आणि तो सध्या ज्यांच्या हाताखाली काम करतो ते सुपरवायझर, दोघेही होते. दोघांनीही आमच्याकडे अर्ज केला होता. एकमेकांना न सांगता.

ग्रुप तेवढ्यात बंद केला, दोघांना वेगवेगळा फोन करून माफी मागितली. सुपरवायझर हसले, मुलगा हसला नाही. मग ब्रॉडकास्ट लिस्ट केली. तिथे दुसरी गंमत: ज्याने आपला नंबर सेव्ह केलेला असतो त्यालाच ब्रॉडकास्ट पोहोचतो. आमचा नंबर कोण सेव्ह करणार? दिवसभरात पन्नासएक जणांना काही पोहोचलंच नाही. शेवटी एकेकाला पाठवले. ६७ संदेश, कॉपी करून, नाव बदलून, दोघांनी मिळून दीड तास. या दीड तासासाठी आम्ही दोन वर्षं ‘वेळ नाही’ म्हणत होतो.

संदेशाचा मसुदा तीनदा बदलला. माझ्या पहिल्या मसुद्यात ‘कळविण्यास खेद होतो’ होतं, ‘आपल्या उज्ज्वल भविष्यासाठी शुभेच्छा’ होतं, आणि ‘भविष्यात योग्य संधी आल्यास नक्की संपर्क करू’ होतं. सहायक म्हणाला, ‘मॅडम, हे शेवटचं वाचलं की परत फोन उशाला.’ काढलं. परीक्षेच्या चौदा जणांना गेलेला संदेश असा:

‘नमस्कार. एक्सपोर्ट डॉक्युमेंटेशनच्या जागेसाठी तुम्ही आमच्याकडे परीक्षा दिलीत. या जागेवर दुसऱ्या उमेदवाराची निवड झाली आहे. तुमची निवड झालेली नाही. हे कळवायला उशीर झाला, त्याबद्दल माफ करा. तुमचा पेपर पाहायचा असेल तर १० जानेवारीपर्यंत कोणत्याही दिवशी दुपारी ३ ते ५ मध्ये या. तुमच्या कागदांच्या झेरॉक्स त्याच वेळी परत नेता येतील. त्यानंतर त्या आम्ही फाडून टाकू.’

झेरॉक्सचं वाक्य का, तर आमच्या ऑफिसात रद्दी बायोडेटाच्या कोऱ्या पाठीवर कार्टनचा हिशेब करायची पद्धत होती. त्याच आठवड्यात डिस्पॅचच्या टेबलावर मला एका मुलीची दहावीची मार्कलिस्ट सापडली. पाठीमागे ‘४० × २४ = ९६०’. मार्कलिस्टवर तिचं नाव, आईचं नाव, सगळं. २०२३च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याची भाषा मोबाईल आणि संगणकातल्या माहितीची आहे, कागदाच्या रद्दीची नाही. पण व्हॉट्सअॅपवर आलेली आधार कार्डं तर आमच्या तीन मोबाईलमध्ये पडून होतीच. ती पुसली. रद्दीचा ट्रे आता कोऱ्या कागदांचा आहे, आणि डिस्पॅचवाले कुरकुर करतात.

तीन फोनांपैकी एक सरळ झाला. दुसरा फोन ज्याला केला तो उमेदवार एका माजी नगरसेवकांची चिठ्ठी घेऊन आलेला होता. त्याला मी आधी सांगितलं, चिठ्ठीवाल्यांना नंतर. त्यांना ते लागलं. ‘मला आधी सांगायचं होतं, मी समजावलं असतं त्याला.’ पण माझ्या मते जो मुलाखतीला बसला त्याची बातमी त्याला दुसऱ्याच्या तोंडून कळू नये.

तिसरा फोन बिघडला. कारण विचारलं म्हणून मी सांगितलं की इंग्रजी मेल लिहिण्यात कमी पडलात. तो म्हणाला, मी इंग्रजी मीडियमचा आहे. मी म्हटलं, तरीही. वीस मिनिटं. त्याने ते रेकॉर्ड केलं होतं. दोन दिवसांनी नोकरी शोधणाऱ्या मुलांच्या ग्रुपवर माझा आवाज फिरत होता आणि तिथून तो शेठपर्यंत आला. शेठ म्हणाले, ‘कारणं सांगायची बंद करा.’ त्यावर तोडगा असा निघाला की माणसाबद्दल मत सांगायचं नाही, पेपर दाखवायचा. दाखवण्यासारखं काही असेल तेच कारण. त्या मुलाला पेपर बघायला बोलावलं. तो आला, बघितला, फोटो काढू का विचारलं. मी हो म्हटलं.

काय झालं

पेन्सिलवालीने ३ तारखेला पुण्याला होकार दिला. पाचला सकाळच्या हुतात्मा एक्स्प्रेसने गेली, हे सहायकाकडून कळलं.

१५ जानेवारी. सिद्धेश्वराच्या यात्रेचा गड्डा भरलेला, अर्धा कारखाना सुट्टीवर. पहिला आला नाही. फोन लागेना. सोळाला दुपारी संदेश आला, ‘घरगुती अडचणीमुळे येऊ शकत नाही.’ नंतर समजलं, पुण्याच्या कंपनीने पगार वाढवून थांबवलं. मी दिवसभर संतापले होते. कळवायची पद्धत नाही का या मुलांना, असं सहायकाला म्हणालेही. तो काही बोलला नाही, गुणांची फाइल कपाटात ठेवत होता. बार्शीच्या मुलाने आम्हाला दीड दिवस ताटकळत ठेवलं होतं. आम्ही तेवीस.

१७ला मी तिला फोन केला. करावा की नाही यावर थोडं अडखळले, पण शब्द दिला होता. ती म्हणाली, ‘मॅडम, इथं जॉईन होऊन बारा दिवस झाले. यांनी माझ्यासाठी दोनदा तारीख वाढवली. आता काय तोंडाने सोडू?’ मग हळूच, ‘तिथंच झालं असतं तर बरं होतं.’

जागा त्यानंतर सात आठवडे रिकामी राहिली. उत्पादन व्यवस्थापक रोज साडेसातपर्यंत बसून पॅकिंग लिस्ट करत होते. एका कंटेनरच्या कागदांत चूक राहिली, दुरुस्तीत दोन दिवस गेले. ‘तुमच्या “जाऊ दे”चे दोन दिवस,’ असं ते मला म्हणाले आणि ते त्यांनी म्हणायलाच हवं होतं. मार्चच्या सुरुवातीला तिसऱ्या क्रमांकाचा मुलगा घेतला, ज्याच्याशी फोन सरळ झाला होता तो. बरा आहे. वजनाचा हिशेब अजून दोनदा करायला लावावा लागतो.

आज करायचं झालं तर

काही गोष्टी बदलल्या. मुलाखतीतून उठणाऱ्याला आता तारीख देतो, वार आणि वेळेसकट, आणि ती सहायकाच्या डायरीत लिहिलेली असते. निर्णय झाला नसेल तरी त्या दिवशी ‘अजून झाला नाही’ म्हणून फोन जातो. दुसऱ्या क्रमांकाला तो दुसरा आहे हे त्याच आठवड्यात सांगतो. यात माणूस हातचा जातो. तो धोका आता शेठनी मान्य केलेला आहे, कुरकुरत. ‘स्थिरता’ रकाना काढला. त्याच्या जागी प्रश्न असा विचारतो की ही जागा कशासाठी हवी आहे, आणि तो मुलाला आणि मुलीला सारख्याच शब्दांत. त्याला गुण नाहीत.

मुलाखत चालू असताना मी काय करायला हवं होतं, यावर मात्र मला शंका नाही. लग्नाचा प्रश्न आला तेव्हाच, तिथेच, ‘हे राहू द्या सर’ इतकं म्हणायला हवं होतं. चार शब्दांचं काम होतं. ते न केल्यामुळे पुढचं सगळं केलं.

तिला अर्धवट कारण सांगितल्याचं मात्र सुटलेलं नाही. व्यवस्थापक म्हणतात, ती आता मार्गी लागली आहे, जुनं उकरून तिला फक्त त्रास होईल, आणि आपल्याला कायद्याची डोकेदुखी. सहायक म्हणतो, सांगा. तिला अजून वाटत असेल की आपलंच काहीतरी कमी पडलं. मागच्या महिन्यात तिचे वडील कुंभारीच्या रिक्षा स्टॉपवर भेटले. गुडघ्याला पट्टा होता. पोरगीचं बरं चाललंय म्हणाले, खोली तीन मैत्रिणींत घेतलीय, पोळ्या जमत नाहीत, भाकरी करते. मला सांगता आलं असतं. रिक्षा आली आणि ते बसले. तक्ता माझ्या खणात आहे.